नाव ‘परमकॅथ’, मुक्काम तात्पुरता

डायलिसिस युनिटबाहेरच्या बाकड्यावर तासभर बसलं, तर ‘परमकॅथ’ हा शब्द चार-पाच वेळा तरी कानावर पडतो. परमकॅथ म्हणजे डायलिसिससाठी मोठ्या शिरेत बसवलेली नळी. नावात ‘परमनंट’ दडलेलं, त्यामुळे घरच्यांना वाटतं की आता ही नळी जन्माची सोबतीण. खरं तर नळी टाकतानाच ती कधी निघेल याचा हिशोब डॉक्टरांच्या डोक्यात चालू असतो.

मुळात नळी लागतेच कशाला? सलाइनच्या सुईने का भागत नाही? डायलिसिसचं यंत्र मिनिटाला साधारण ३०० मिलिलिटर रक्त ओढतं. चार तासांत झाले ७२ लिटर. अंगात रक्त जेमतेम पाच लिटर, म्हणजे तेच रक्त चौदा-एक वेळा यंत्रातून फिरून येतं. हाताच्या साध्या शिरेला हा ओढा झेपत नाही. फ्रूटी जोरात ओढली की खोकं आत चेपतं, तशी शिरेची भिंत चेपून बसते. म्हणून जिथे रक्ताची कमी नाही तिथवर, थेट हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यापर्यंत, नळीचं टोक न्यावं लागतं.

वाट शक्यतो मानेच्या उजव्या बाजूची. तिथली मोठी शीर जवळपास सरळ रेषेत हृदयाकडे उतरते. डावीकडून गेलं तर वळणं लागतात. गळपट्टीच्या हाडाखालची शीर एके काळी सर्रास वापरत. पण तिथे नळी राहिली की शीर आतून आकसते, पुढे अख्खा हात सुजतो आणि त्या हातावर फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी धमनी-शिरेचा जोड, करायची सोय राहत नाही. म्हणून आता ती वाट शक्यतो टाळतात.

सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत, जागा बधिर करून शिरेत सुई जाते. सुईतून एक लवचिक तार आत सोडतात, सुई काढून घेतात आणि मग तारेवरून नळी सरकवतात. स्वेन-इवार सेल्डिंगर या तरुण स्वीडिश डॉक्टरने १९५३ साली ही युक्ती प्रसिद्ध केली. आज हृदयाच्या अँजिओग्राफीपासून मानेतल्या नळीपर्यंत सगळीकडे तीच चालते. इतकी साधी की आधी कुणाला कशी सुचली नाही, असं वाटावं.

तातडीची नळी मानेतूनच थेट बाहेर येते. ती फार तर दोनेक आठवड्यांची पाहुणी. परमकॅथ मात्र शिरेतून निघून कातडीखालून बोगदा काढत छातीवर बाहेर पडतो. या बोगद्यात, बाहेरच्या भोकापासून थोडं आत, नळीला पॉलिएस्टरच्या धाग्यांचं एक कडं असतं. बोटाला लागलं तर फेल्टच्या कापडासारखं खरखरीत. दोन-चार आठवड्यांत आपलंच मांस त्या धाग्यांत शिरतं आणि नळी पकडून ठेवतं. तोवर ती टाक्यांवर टिकून असते. जंतूंना बाहेरून आत सरकायला हे कडं आडकाठीही करतं.

बाहेर दोन तोंडं दिसतात, लाल आणि निळं. लाल तोंडाला युनिटमध्ये ‘आर्टरी’, म्हणजे धमनी, म्हणतात, पण दोन्ही तोंडं एकाच शिरेतली. लालमधून रक्त यंत्राकडे जातं, निळ्यातून परत येतं, एवढंच. डायलिसिस संपलं की रक्त गोठू नये म्हणून दोन्हींत बहुतेक ठिकाणी हेपॅरिन भरून ठेवतात. किती मिलिलिटर भरायचं, ते नळीवरच छापलेलं असतं. पुढच्या वेळी ते आधी ओढून टाकायचं, नाहीतर सगळं एकदम अंगात जातं. म्हणूनच या नळीतून दुसऱ्या कुणी सलाइन जोडायला घेतलं, तर पेशंटने खुशाल अडवावं.

खरी भीती जंतूंची. ते नळीच्या आत चिकट थर करून बसतात आणि तिथे औषध नीट पोचत नाही. डायलिसिस सुरू झालं आणि अर्ध्या तासात हुडहुडी भरली, तर ‘एसी जास्त आहे’ म्हणून चादर ओढून घेऊ नका. सिस्टरला सांगा. रक्ताची तपासणी होते, अँटिबायोटिक सुरू होतं आणि बऱ्याचदा नळीच काढावी लागते.

नळीपेक्षा चांगली सोय १९६६ पासून आहे. न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या ब्रेशिया, चिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनगटाजवळची धमनी शेजारच्या शिरेला जोडून दाखवली. धमनीचा जोर लागून शीर फुगते, जाड होते आणि सुया सोसते. हाच फिस्टुला. त्याआधीचे हाल विचारू नका. १९४३ मध्ये नेदरलँड्समध्ये डॉक्टर कोल्फ यांनी डायलिसिसचं पहिलं चालणारं यंत्र केलं, तेव्हा दर डायलिसिसला नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. वाहिन्या संपल्या की उपचार संपला. फिस्टुलाची अडचण एकच: तो तयार व्हायला दीड-दोन महिने तरी लागतात. आपल्याकडे पुष्कळ पेशंट दम लागून, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी थकली की साचणारा कचरा) आभाळाला भिडल्यावरच दवाखान्यात पोचतात. त्यांना दोन महिने कुठले?

फिस्टुला चालू लागला किंवा नवी किडनी बसली की नळी काढायची वेळ येते. ती नुसती ओढून निघत नाही, कारण मांस कड्याला घट्ट धरून असतं. जागा बधिर करून, कड्याभोवती चिमटा फिरवून ते सोडवावं लागतं. वर्षानुवर्षं राहिलेली नळी क्वचित आत शिरेलाच चिकटते, आणि मग काम मोठ्या केंद्रातल्या तज्ज्ञांकडे जातं.

नळी काढताना पेशंटला आडवं झोपवतात, त्याचं कारण भौतिकशास्त्रातलं आहे. आपण ताठ बसलो की मानेतल्या शिरेतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होऊ शकतो. श्वास आत घेताना आणखी कमी. त्या क्षणी भोक उघडं राहिलं तर रक्त बाहेर येण्याऐवजी हवाच आत ओढली जाते, आणि तिचा बुडबुडा हृदयात अडकला तर जिवावर बेततं. म्हणून डोकं खाली, ‘श्वास रोखा’ अशी सूचना, आणि नळी सुटताच हाताचा दाब, छातीवरच्या भोकावर नव्हे तर मानेत जिथे ती शिरेत शिरते तिथे. मग हवाबंद पट्टी आणि अर्धा तास तसंच पडून राहणं.

तेवढ्यात डॉक्टर नळी उजेडात धरून टोकापर्यंत न्याहाळतात: कडं आलं का, टोक अख्खं आहे का. नातेवाईक विचारतात, टाके कधी काढायचे? छातीवरच्या त्या भोकाला बहुतेकदा टाका लागतच नाही. ते आपोआप बुजतं.