कणकुंबीचं पाणी दोन समुद्रांना

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ, समुद्रसपाटीपासून सुमारे ७९० मीटरवर मलप्रभा उगवते आणि पूर्वेला ३०० किलोमीटरांहून जास्त वाहत कूडलसंगमला कृष्णेला मिळते. त्याच तालुक्यातल्या देगावची म्हादई मात्र पश्चिमेला वळते. जेमतेम ८० किलोमीटरांत तिला पणजीजवळ समुद्र गाठायचा असतो. म्हणून तिचं पाणी कड्यांवरून उड्या घेतच खाली येतं. वज्रपोहा धबधबा ही त्यातलीच एक उडी.

हा मुलूख २०११पासून भीमगड अभयारण्यात आहे. वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. जावं ते पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. जांभा दगड सच्छिद्र असतो. त्यात मुरलेलं पाणी झऱ्यांतून हळूहळू सुटतं, म्हणून पाऊस थांबल्यावरही ओढे वाहते राहतात. भर पावसात घात होतो तो लोंढ्याने: तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वरच्या डोंगरात कोसळत असतं. नितळ पाणी एकाएकी गढूळलं, पालापाचोळा, काटक्या वाहून येऊ लागल्या की फोटो आवरत बसू नये, लगेच उंच काठ गाठावा.

जळू चिकटली तर ओढू नका, मीठही टाकू नका. मिठाने ती पोटातलं जखमेतच ओकते. नखाची कड तिच्या बारीक तोंडाखाली सरकवून तिला सोडवा. तिच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही, म्हणून जखम बराच वेळ झिरपते. धुऊन दाबून धरली की पुरे.

जंगलातल्या वाड्यांवर मराठी बोलणारी शेतकरी कुटुंबं आणि धनगर-गवळी पिढ्यान्‌पिढ्या राहतात. वरकस, म्हणजे हलक्या जमिनीच्या उतारावर नाचणा, खोलगटात भात. पीक दाण्यावर आलं की गवे आणि डुकरं उतरतात, मग शेतातल्या मचाणावर, म्हणजे माळ्यावर, रात्री जागून काढाव्या लागतात. अशा शेतातून वाट काढताना पाय जपून टाका. चिखलणी करताना माती घोटली जाते आणि तळाशी घट्ट थर बसतो, म्हणून खाचरात पाणी टिकतं. बांध मात्र नाजूक. खेकड्याने बीळ केलं तरी तिथून पाणी फुटतं आणि शेतकऱ्याला चिखलाचा गोळा दाबून ते बुजवावं लागतं. बुटाच्या टाचेने बांधाची कड ढासळली तर वरचं खाचर सुकतं आणि खालच्या खाचरातली नुकती लावलेली रोपं वाहून जातात. बांध ओलांडायचाच असेल तर गावकरी जिथून जातात तिथूनच, एकामागून एक.