डिझेलच्या धुरात उरलेली हवा

उसाचा हंगाम लागला की निपाणी-चिकोडी भागात डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर चढाला काळे लोट सोडत जातात. बघणारा कौतुकाने म्हणतो, 'पंपाचं डिझेल वाढवलंय, ताकद बघ!' पण ते काळं म्हणजे हवा न मिळाल्याने अर्धवट जळलेलं, पैसे मोजून भरलेलं डिझेल.

खानापूरच्या माझ्या मित्राने त्याच्या जुन्या, बिनटर्बोच्या (टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) जीपला हवा-इंधन प्रमाणाचा, म्हणजे एक किलो इंधनामागे किती किलो हवा ते दाखवणारा, मीटर बसवला. स्टार्टर मारताच काटा शेवटच्या 22 च्या खुणेला टेकला आणि हलेचना. बिघडलाय म्हणून तो मीटर परत करायला निघाला होता. मीटर ठणठणीत होता.

एक किलो डिझेल पुरतं जळायला हिशेबाने साडेचौदा किलो हवा लागते. पेट्रोलचा आकडाही जवळपास तोच, पण तिथे थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, हवा अडवतो. जुन्या डिझेल इंजिनात हवेला अडसरच नाही. सिलिंडर दर वेळी भरून हवा ओढतो, पायाने वाढतं ते फक्त डिझेल. म्हणून आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, प्रमाण 60 च्याही पुढे जातं, पूर्ण लोडला 20 च्या आसपास येतं आणि 18 च्या आसपास उतरलं की धूर. पेट्रोलसाठी आखलेल्या मीटरवर 60 दिसणार कुठून? पेट्रोलवाल्यांचा 'हवा जास्त झाली की इंजिन तापतं' हा नियमही इथे उलटतो. डिझेल वाढेल तसा एक्झॉस्ट तापतो.

आता या मीटरचा सेन्सर, धुरात उरलेला ऑक्सिजन मोजणारा, ज्याच्यावर माझा खरा जीव आहे. त्यात झिर्कोनियाची चिनीमातीसारखी चकती असते. तीन-साडेतीनशे अंशांच्या पुढे तापली की तिच्यातून ऑक्सिजनचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, सरकू लागतात, आणि दोन बाजूंना ऑक्सिजन कमीजास्त असेल तर व्होल्टेज तयार होतं. हे गणित वॉल्थर नेर्न्स्टचं, ज्याला 1920 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. वाइडबँड, म्हणजे प्रमाणाचा रुंद पट्टा मोजणाऱ्या, सेन्सरमध्ये एक इवलीशी पोकळी असते. बारीक वाटेने धूर तिच्यात झिरपतो. नेर्न्स्टची चकती पोकळीवर पहारा देते, तिचं व्होल्टेज 0.45 वर राहावं म्हणून दुसरी चकती वीज घेऊन जादा ऑक्सिजन बाहेर उपसते. किती करंट लागला, त्यावरून ऑक्सिजन किती उरला होता ते कळतं. विहिरीची पातळी तेवढीच ठेवायला मोटार किती चालवावी लागली, त्यावरून झरा ओळखावा तसं!

टर्बो असेल तर सेन्सर टर्बोच्या पुढे, सायलेन्सरच्या बाजूला बसवा. आधी बसवला तर तिथल्या दाबाने आकडा चुकतो. टोक खाली झुकलेलं हवं, नाहीतर पाणी साचतं. इंजिन चालू असताना सेन्सरचा हीटर बंद ठेवू नका, काजळी धरते. आणि डिझेलच्या पाइपला बांधायचं 'ॲव्हरेज वाढवणारं' लोहचुंबक विकायला कोणी आलं तर पैसे देऊ नका. चुंबकाने डिझेलच्या ज्वलनात काही बदलत नाही.

आम्ही जीप घेऊन केरीहून चोर्ला घाट चढलो. पायथ्याला, पाय पूर्ण दाबून, काटा 20 वर. वर हवा विरळ होते, साडेसातशे मीटरवर सात-आठ टक्के कमी भरते, पंप मात्र डिझेल तेवढंच देतो. माथ्याजवळ काटा साडेअठराच्या खाली आला आणि आरशात पहिली काळी रेघ दिसली. मित्राने गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं आणि पंपाचा डिझेल कमी-जास्त करणारा स्क्रू पाव फेरा मागे घेतला.