इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत : स्टुडिओ आणि मंचावरील तंत्र

सिंथेसायझर, ड्रम मशीन, सॅम्पलर (ध्वनीचे तुकडे साठवून वाजवणारे यंत्र) आणि संगणक यांच्या साहाय्याने रचलेले, मुख्यतः नाचण्यासाठी वाजवले जाणारे संगीत. हाउस, टेक्नो, ट्रान्स, ड्रम अँड बेस हे त्याचे काही प्रकार. संगीतकार, वादक आणि ध्वनिमुद्रक बहुधा एकच व्यक्ती असल्याने स्टुडिओ हेच तिचे वाद्य ठरते. अनेक यंत्रे एका लयीत बांधून ठेवणे ही या संगीताची पहिली गरज आणि त्याच्या तंत्राचा इतिहास बराचसा याच गरजेभोवती फिरतो.

१९७७ साली म्युनिकमध्ये निर्माते जॉर्जियो मोरोडर यांनी गायिका डोना समरचे 'आय फील लव्ह' हे गाणे केले, तेव्हा मूग सिंथेसायझरचा सूर सतत ढळायचा आणि थोडे थोडे तुकडेच मुद्रित करता यायचे. रॉबी वेडेल या अभियंत्याने टेपवर स्पंदांचा एक वेगळा पट्टा भरून मूगला त्याच्याशी जखडले. प्रत्येक थर त्या स्पंदावर नेमका बसू लागला. मुख्य ढोलाचा ठोका मात्र कीथ फोर्सी यांनी हातानेच वाजवला, कारण मूगमधून तेवढा दमदार ठोका निघत नव्हता.

पुढे १९८३ मध्ये मिडी हा वाद्यांनी एकमेकांना सूचना देण्याचा मानक संकेत आला. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकाच केबलने बोलू लागली. एका मात्रेत २४ स्पंद पाठवून एक यंत्र बाकीच्यांना चालवू शकत होते. त्याबद्दल अमेरिकी सिंथेसायझर-निर्माते डेव्ह स्मिथ आणि रोलंड या जपानी वाद्यकंपनीचे इकुतारो काकेहाशी यांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळाले. घरातल्या खोलीत स्टुडिओ उभा राहिला, त्यात मिडीचा वाटा फार मोठा आहे.

त्या काळातले सर्वांत विलक्षण वाद्य म्हणजे रोलंडची टीबी-३०३. तादाओ किकुमोतो यांनी ती एकट्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून बनवली होती. सूर आणि त्यांची लांबी वेगवेगळी भरावी लागे; आवाज खऱ्या बेससारखा नव्हता; विक्री झाली नाही आणि १९८४ मध्ये उत्पादन थांबले. १९८२ मध्ये मुंबईचे वादक चरणजीत सिंग यांनी हीच ३०३ आणि टीआर-८०८ ड्रम मशीन घेऊन दहा रागांची डिस्को तबकडी काढली. ती विस्मृतीत गेली आणि २०१० मध्ये पुन्हा प्रकाशित झाली. शिकागोच्या फ्यूचर या गटाने वापरलेली ३०३ घेतली, एकच ओळ फिरत ठेवली आणि ती वाजत असतानाच फिल्टरचे, म्हणजे आवाजाची धार कमी-जास्त करणारे, नॉब पिळत राहिले. चिवचिवणारा, चरचरणारा तो आवाज १९८७ च्या 'ॲसिड ट्रॅक्स'मधून आला आणि ॲसिड हाउस जन्मले. वाद्याचा खरा उपयोग वादकच शोधतात, याचे याहून चांगले उदाहरण या क्षेत्रात सापडणार नाही.

मंचावर हीच लय सांभाळायची असते. मिनिटाला १२७ आणि १२८ ठोक्यांची दोन गाणी एकत्र सोडली, तर अर्ध्या मिनिटात ती अर्ध्या मात्रेने सुटतात आणि ठेका अडखळतो. म्हणून डीजे येणारे गाणे एका कानाने हेडफोनमध्ये ऐकतो, गतीची पट्टी केसभर सरकवतो, तबकडीला बोटाने किंचित ढकलतो किंवा अडवतो. १९७९ च्या टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ वर ही पट्टी गती आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करते. २००१ मध्ये पायोनियरच्या सीडीजे-१००० ने तबकडीची हाताळणी सीडीवर आणली. आता एका बटणाने गाणी जुळतात. त्याने कला संपली, हा आक्षेप पटत नाही; समोरच्या गर्दीला पुढे काय हवे आहे, हे बटण सांगत नाही.

डीजे सेट आणि 'लाइव्ह' यांत फरक आहे. लाइव्ह कलावंत स्वतःच्या रचनेचे सुटे भाग मंचावर नव्याने मांडतो. बर्लिनमध्ये तयार झालेल्या एबलटन लाइव्ह (२००१) या प्रणालीमुळे हे सोपे झाले: तुकडे हव्या त्या क्रमाने सोडा, ते पुढच्या मात्रेवरच सुरू होतात. तिच्या निर्मात्यांपैकी रॉबर्ट हेंके स्वतः मोनोलेक नावाने वाजवणारे कलावंत. २०१६ पासून त्याच कंपनीचे लिंक हे तंत्र एका नेटवर्कवरचे अनेक संगणक एका लयीत ठेवते.

मोठ्या महोत्सवांत प्रकाश, पडद्यावरची दृश्ये आणि आतषबाजी अनेकदा टाइमकोडने (क्षणाक्षणाची वेळ सांगणाऱ्या संकेताने) संगीताला बांधलेली असतात. हे बंधन जितके घट्ट, तितकी आयत्या वेळी गाणे बदलायची मुभा कमी. भव्य देखावा आणि मोकळे वादन यांची ही ओढाताण प्रत्येक कलावंत आपल्या परीने सोडवतो.