ग्लिप्टिन की ग्लिफ्लोझिन?

"अगं, बाथरूममध्ये मुंग्या व्हायला लागल्यात. माझी साखर वाढली वाटतं." इंदूरच्या रामबागेतल्या एक काकू माझ्या औषधांच्या दुकानाच्या काउंटरवर वाकून, आवाज अगदी खाली आणून सांगत होत्या. पुढ्यात लघवीचा रिपोर्ट होता, त्यात ग्लुकोजसमोर चार अधिकची चिन्हं. त्याच पाकिटात दुसरा कागद, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा. त्यावर ६.९ टक्के. डायबिटीस असलेल्या पासष्टीच्या बाईला हा आकडा चांगलाच म्हणायचा. मग मुंग्या कशाला आल्या?

काकूंनी पर्समधून पत्ता काढला. (इंदूरला गोळ्यांच्या पट्टीला आम्ही पत्ताच म्हणतो. पुण्याची भाची हसते, तिच्या लेखी पत्ता म्हणजे घराचा.) त्यावर डापाग्लिफ्लोझिन, १० मिलिग्रॅम. ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर काढते. म्हणजे मुंग्या आणल्या होत्या गोळीनंच, आणि गोळी तिचं काम चोख करत होती. मी तसं सांगितल्यावर काकू निवांत झाल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "आमच्या ह्यांची पण हीच आहे, ग्लिप्टिन का काय ते. एकाची संपली की दुसऱ्याची घेतो." आता घाबरायची पाळी माझी होती.

काकांची गोळी सिटाग्लिप्टिन. नाव ऐकायला सख्ख्या बहिणीसारखं, पण ही दोन औषधं शरीरात एकमेकींना भेटतसुद्धा नाहीत. घोटाळा अलीकडे वाढला, कारण दोन्ही एकदम स्वस्त झाली. आपल्याकडे डापाग्लिफ्लोझिनचं पहिलं पेटंट २०२० च्या ऑक्टोबरात संपलं, सिटाग्लिप्टिनचं २०२२ च्या जुलैत आणि डापाच्याच घरातल्या एम्पाग्लिफ्लोझिनचं २०२५ च्या मार्चमध्ये. त्यानंतर दवा बाजारातून, म्हणजे आमच्या औषधांच्या घाऊक बाजारातून, इतके ब्रँड यायला लागले, की आम्हालाही डब्याची खालची बारीक ओळ वाचल्याशिवाय हात लावता येत नाही. ब्रँड कुठलाही असो, त्या ओळीत शेवट 'ग्लिप्टिन' आहे की 'ग्लिफ्लोझिन' तेवढं बघा. मी लोकांना सांगते, 'फ्लो' दिसला की लघवी आठवा.

ग्लिप्टिनचं काम जेवणाशी बांधलेलं. आपण खाल्लं की आतड्यातून एक हार्मोन सुटतो आणि स्वादुपिंडाला निरोप देतो, 'साखर येतेय, इन्सुलिन सोड'. हा निरोप्या अल्पायुषी, एकदोन मिनिटांत एक एन्झाइम त्याला संपवतो. ग्लिप्टिन त्या एन्झाइमला अडवतं, म्हणून निरोप थोडा जास्त वेळ टिकतो. साखर वाढली असेल तेव्हाच हा निरोप जोरात चालतो, त्यामुळे औषध तसं शांत स्वभावाचं. सिटा, विल्डा, लिना, टेनेली ही सगळी याच घरातली.

ग्लिफ्लोझिनला स्वादुपिंडाशी देणंघेणं नाही. आपल्या किडन्या दिवसाकाठी साधारण १८० ग्रॅम ग्लुकोज गाळतात आणि जवळजवळ सगळं परत रक्तात ओढून घेतात. परत ओढणारा मुख्य पंप ग्लिफ्लोझिन बंद करतं आणि साखर लघवीवाटे बाहेर जाते, टाइप टू डायबिटीसमध्ये दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम सहज. सरबतात घालायला घेतली तर वाटीच्या तळाशी चांगला थर होईल एवढी. या औषधाचं मूळ सफरचंदाच्या झाडाच्या सालीत आहे. १८३५ मध्ये तिच्यातून फ्लोरिझिन नावाचं द्रव्य वेगळं काढलं गेलं, आणि पुढं त्याच धर्तीवर ह्या गोळ्या घडवल्या गेल्या. साखर लघवीवाटे काढणं हेच या गोळ्यांचं काम, म्हणून डापा किंवा एम्पा घेणाऱ्यानं लघवीतली साखर तपासण्यात अर्थ नाही, ती असणारच. दुसऱ्या कुठं लघवी तपासायला देणार असाल तर गोळीचं नाव आधी सांगा.

साखर ज्या वाटेनं जाते, त्या वाटेवर बुरशीला आयतं खाद्य मिळतं. खाज, पांढरा स्राव, पुरुषांमध्ये शिश्नाच्या टोकाशी लाली हे बऱ्यापैकी आढळतं. बायका महिनोन् महिने सांगत नाहीत आणि मग एक दिवस नुसतं 'काहीतरी पावडर दे' म्हणतात. वेळेवर दाखवलं तर साध्या औषधानं बरं होतं. मात्र त्या भागात सूज, लाली, ठणका आणि जोडीला ताप असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. हा प्रकार दुर्मीळ आहे, पण अंगावर काढण्यासारखा मुळीच नाही.

साखरेबरोबर पाणीही जातं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर लू आणि घरी बीपीची लघवी वाढवणारी गोळी, त्यात ही तिसरी, म्हणजे उठताना डोळ्यापुढं अंधारी येणारच. पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठेवा, हार्टवाल्यांनी तर नक्कीच. गोळी सकाळी घेतलेली बरी, रात्री उठबस कमी होते.

आता मुख्य भीती. पोट बिघडलं, उलट्या-जुलाब सुरू झाले, दोन दिवस पेजेशिवाय काही गेलं नाही, अशा वेळी शरीर चरबी जाळायला लागतं आणि त्यातून कीटोन नावाची आम्लं तयार होतात. ग्लिफ्लोझिन चालू असेल तर ती भराभर वाढू शकतात, आणि गंमत म्हणजे मशीनवर साखर १६० दिसते. एरवी या संकटात साखर तीनशे-चारशेच्या पुढं असते, म्हणून लोक धावतात. इथं आकडा बघून घरचे म्हणतात, 'शुगर नॉर्मल आहे, झोपू दे'. मळमळ, पोटात दुखणं, विलक्षण थकवा, खोल आणि जोराचा श्वास अशी लक्षणं असतील तर साखर कितीही असो, इमर्जन्सीत जायचं, पत्ता डॉक्टरांच्या हातात द्यायचा आणि कीटोन तपासा म्हणायचं. म्हणूनच नियम असा, की आजारपणात खाणंपिणं बंद झालं तर ग्लिफ्लोझिन थांबवायचं, डॉक्टरांना फोन करायचा आणि जेवण नीट सुरू झाल्यावर त्यांच्या सांगण्यानं पुन्हा घ्यायचं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र इन्सुलिन आपल्या मनानं बंद करायचं नाही. जिमवाल्या पोरांचं ऐकून भात-पोळी एकदम सोडणाऱ्यांना आणि जास्त दारू घेणाऱ्यांनाही हाच धोका.

ऑपरेशनचंही तसंच. गुडघा बदलायचा असेल तर डापा आणि एम्पा किमान तीन दिवस आधी थांबवतात. हे सर्जनला आपण होऊन सांगावं लागतं, कारण फायलीत नुसतं 'डायबिटीसची गोळी' लिहिलेलं असतं. ग्लिप्टिनला ही तीन दिवसांची अट नाही. काकू-काकांची अदलाबदल इथंच अंगाशी आली असती. ऑपरेशन काकूंचं असतं आणि 'माझी बंद केलीय' म्हणून त्यांनी काकांची घेतली असती तर फारसं बिघडलं नसतं, पण ऑपरेशन काकांचं असतं आणि त्यांनी काकूंची घेतली असती तर टेबलावर पडल्यावर कोणाला पत्ताही लागला नसता.

ग्लिप्टिन अगदीच निरुपद्रवी, असंही नाही. पोटात वरच्या बाजूला न थांबणारी कळ, पाठीकडे जाणारी, सोबत उलटी, ही स्वादुपिंडाच्या सुजेची खूण असू शकते. गोळी बंद करून लगेच दाखवायचं. कधी सांधे फार दुखतात, कधी अंगावर पाण्याचे फोड येतात. किडनी कमजोर झाली की सिटाग्लिप्टिनचा डोस १०० वरून ५० किंवा २५ वर आणतात, लिनाग्लिप्टिनला मात्र त्याची गरज पडत नाही. विल्डाग्लिप्टिन सुरू करताना आणि पहिल्या वर्षी अधूनमधून लिव्हरची तपासणी लागते. हार्ट कमजोर असेल तर सॅक्साग्लिप्टिन टाळतात.

एकटी घेतली तर दोन्हींपैकी कुठल्याही गोळीनं साखर सहसा एकदम खाली जात नाही. घाम, थरथर, भोवळ आली तर बहुधा सोबत तिसरा 'ग्लि' असतो, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड, नाहीतर इन्सुलिन. आणि आता सिटा, डापा आणि मेटफॉर्मिन एकाच गोळीत मिळतात, तेव्हा जुन्या सुट्या गोळ्या घरात राहू देऊ नका, नाहीतर डोस दुप्पट होतो.

आणखी एक. साखर नसलेल्या शेजाऱ्याला हार्ट किंवा किडनीसाठी डापा दिली असेल तर 'तुला चुकून शुगरची दिली' म्हणून ती बंद करायला लावू नका. त्या दोन्ही आजारांत ती मुद्दाम देतात.

काकूंच्या पत्त्यातल्या पाच गोळ्या कापून नेलेल्या होत्या आणि नाव कसंबसं कडेला शिल्लक होतं. मी काळ्या मार्करनं मागं 'काकू, लघवीची' आणि काकांच्या पत्त्यावर 'काका, जेवणाची' असं लिहून दिलं. दारापर्यंत जाऊन त्या परत आल्या. "हरतालिका आहे पुढच्या आठवड्यात. निर्जळी करते मी, चाळीस वर्षं झाली." मी त्यांच्यासमोरच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. गोळी कधी थांबवायची ते त्यांनी सांगितलं आणि निर्जळीला साफ नाही म्हणाले. काकूंनी फोन माझ्या हातात परत देत विचारलं, "मग दूध-फळं चालतील का, ते विचार."