फुलपाखरांची परसबाग

अंडी, अळी, कोश आणि पंख फुटलेले फुलपाखरू या चारही अवस्थांना आसरा मिळेल अशा रीतीने राखलेले घराभोवतीचे अंगण किंवा परस. रंगीत फुलांचे ताटवे लावले की अशी बाग होते, हा समज अर्धाच खरा आहे. मकरंदासाठी फुलपाखरू अनेक फुलांवर बसते. अंडी मात्र मादी ठरावीक वनस्पतींवरच घालते, कारण अळी दुसरा पाला सहसा खात नाही. बागेची खरी मदार या खाद्यवनस्पतींवर असते.

महाराष्ट्रात व गोव्यात यांतल्या बऱ्याच दारात आधीच असतात. लिंबू आणि कढीपत्त्यावर लाइम व कॉमन मॉर्मन ही फुलपाखरे वाढतात. लिंबू, पपनस यांवर ब्ल्यू मॉर्मन, म्हणजे २०१५ मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेली राणी पाकोळी. सीताफळ व खोट्या अशोकावर टेल्ड जे, कण्हेरीवर कॉमन क्रो, बहाव्यावर कॉमन एमिग्रंट येते. लाइमची कोवळी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि त्यामुळेच वाचते. मोठी झाल्यावर ती हिरवी होते व डिवचल्यास डोक्यामागून उग्र वासाचा दुहेरी शिंगासारखा अवयव बाहेर काढते.

तण म्हणून उपटल्या जाणाऱ्या झाडांचे मोल येथे वाढते. रुईच्या चिकातील विषारी द्रव्ये पचवून प्लेन टायगरची अळी वाढते, म्हणून ते फुलपाखरू पक्ष्यांना बेचव लागते. डॅनेड एगफ्लाय या बिनविषारी जातीची मादी हुबेहूब त्याच्यासारखी दिसते आणि त्या दबदब्यावर निभावून नेते. तिच्या अळ्या घोळीवर पोसतात, तीच आपली भाजीतली घोळ! घाणेरीवर फुलपाखरे गर्दी करतात हे खरे, पण ती परदेशी व आक्रमक असल्याने मुद्दाम लावू नये.

जागा उन्हाची हवी, कारण अंग तापल्याशिवाय फुलपाखराला नीट उडता येत नाही. एखादा कोपरा ओल्या मातीचा ठेवला तर नर तेथे क्षार शोषायला बसतात. पाण्याचे उथळ भांडे ठेवल्यास पाणी वरचेवर बदलावे, नाहीतर डासांची सोय होते.

ठाण्यातील ओवळेकर वाडी आणि गोव्यात फोंड्याजवळ प्रियोळ येथील उद्यान ही खासगी जमिनीवरची परिचित उदाहरणे आहेत. घरगुती बागेला तेवढा पसारा लागत नाही. गॅलरीतल्या कुंडीतील कढीपत्त्यावरही अळ्या सापडतात. अडचण असते ती माणसाची. पाने कुरतडलेली दिसली की हात फवारणीकडे जातो, आणि कडुनिंबाचे तेलही अळ्यांना अपायच करते. अळ्या फार झाल्या तरी त्यातल्या बऱ्याच शिंपी, बुलबुल हे पक्षी पिलांसाठी उचलतात, काही गांधीलमाश्यांच्या वाट्याला जातात. छाटणीपूर्वी मात्र फांद्या उलटसुलट करून पाहाव्यात, कारण हिरवा कोश पानात सहज दिसत नाही.