अ‍ॅटॅकनंतरची उदासी हा हार्टचाच प्रश्न आहे

आमच्याकडे खान्देशात कुणाला अ‍ॅटॅक येऊन गेला की घरचे आधी तेलाचा डबा लपवतात, मग पापड-लोणचं बंद, भरताला फोडणी नावापुरती. हे बरोबरच आहे. पण त्या माणसाचं मन कसं आहे हे कोणी विचारत नाही. पारोळ्याकडचे एक कापूसवाले काका स्टेंट (हार्टच्या रक्तवाहिनीत बसवतात ती जाळी) टाकून घरी आले तर दिवसभर खाटेवर पडून, शेताचं नाव नाही, कापसाला काय भाव निघाला तेही विचारेनात, पहाटे तीनला उठून ओट्यावर बसायचे आणि काही विचारलं की "माले काय व्हयनं?" एवढंच. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्यांचं पाकीट जवळजवळ भरलेलं सापडलं, आणि नवीन स्टेंट असताना ती गोळी चुकवली तर त्यात गुठळी होऊन परत अ‍ॅटॅक येऊ शकतो. घरचे म्हणत होते घाबरलेत, होतील बरे.

अ‍ॅटॅक येऊन गेलेल्या साधारण पाचातल्या एकाला खरंखुरं डिप्रेशन येतं. १९९३ साली मॉन्ट्रियलच्या डॉक्टरांनी अ‍ॅटॅकमधून वाचलेल्या २२२ पेशंटवर सहा महिने लक्ष ठेवलं, तर ज्यांना डिप्रेशन होतं त्यांच्यात मृत्यू कितीतरी जास्त झाले, आणि हा धोका हार्टचं पंपिंग कमी असण्याइतकाच मोठा निघाला! इको म्हणजे हार्टची सोनोग्राफी सगळे करतात, मनाची तपासणी मात्र राहून जाते, याचं मला फार वाईट वाटतं. २०१४ ला अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या तज्ज्ञांनीही सांगितलं की अ‍ॅटॅकनंतरचं डिप्रेशन हा रिस्क फॅक्टर धरा.

उलटंही होतं, म्हणजे आधी डिप्रेशन आणि काही वर्षांनी हार्टचा त्रास. यात नुसता मनाचा खेळ नसतो. शरीर सतत टेन्शनमध्ये असल्यासारखं वागतं, कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रेनालिन ही टेन्शनची हार्मोन्स वाढलेली राहतात, त्याने बीपी आणि शुगर वर जाते, रक्तातल्या प्लेटलेट्स जास्त चिकट होतात म्हणजे गुठळी लवकर बनते, रक्तवाहिन्यांना आतून सूज राहते. निरोगी हार्टचे ठोके श्वासाबरोबर थोडे कमी-जास्त होत असतात, डिप्रेशनमध्ये ती लवचिकता कमी होते. आणि वरून तंबाखू वाढते, चालणं बंद होतं, गोळ्या राहतात.

उपचार आहेत. २००२ च्या एका मोठ्या अभ्यासात सर्ट्रालिन ही डिप्रेशनची गोळी अ‍ॅटॅकच्या पेशंटला सुरक्षित दिसली. २००३ च्या दुसऱ्या अभ्यासात, जवळपास अडीच हजार पेशंट होते, समुपदेशनाने मन सुधारलं पण मृत्यू काही कमी झाले नाहीत, हेही सांगायला पाहिजे. मग २०१८ ला कोरियातून ३०० पेशंटचा निकाल आला, २४ आठवडे एस्सिटालोप्राम ही डिप्रेशनचीच दुसरी गोळी दिलेल्यांना पुढच्या साधारण आठ वर्षांत हार्टचे मोठे त्रास कमी झाले, म्हणजे त्यांच्यात १०० पैकी ४१ जणांना असा त्रास झाला, आणि खोटी (औषध नसलेली) गोळी दिलेल्यांत ५४ जणांना. अभ्यास छोटा आहे पण आशा वाटते. फक्त दुकानातून स्वतः गोळ्या आणू नका, डिप्रेशनच्या काही जुन्या गोळ्या हार्टला चालत नाहीत आणि नव्या गोळ्या अ‍ॅस्पिरिनबरोबर घेतल्या तर रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून दोन्ही डॉक्टरांना सगळं सांगा. सुरू केलेली गोळी मनाने बंदही करू नका. डॉक्टरांनी हो म्हटलं की रोजचं चालणं सुरू करा, मन आणि हार्ट दोघांना त्याचा फायदा होतो. फक्त आपल्याकडच्या उन्हाळ्यात पहाटेच निघा.

घरच्यांनी दोनच गोष्टी विचारायच्या, गेल्या दोन आठवड्यांत बरेच दिवस उदास, निराश वाटलं का, आणि आवडीच्या कामातही मन लागत नव्हतं का. एकाचं जरी "हो" आलं तर पुढच्या फॉलोअपला बीपी-शुगरच्या आकड्यांसोबत तेही डॉक्टरांना सांगा. जगण्यात अर्थ नाही असं तोंडातून निघालं तर फॉलोअपची वाट बघू नका, माणसाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. सरकारच्या टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.