दुष्काळ वेगळा, कोरडं होत जाणं वेगळं

आमच्या साताऱ्यातल्या माण तालुक्यात ‘दुष्काळ’ हा शब्द फार स्वस्त झालाय. मृग कोरडा गेला की दुष्काळ, टँकर सुरू झाला की दुष्काळ. हडप्पाची शहरं का ओस पडली म्हणून विचारा, उत्तर तेच: दुष्काळ पडला असेल. हे शेवटचं मात्र जरा तपासून घ्यायला हवं.

दुष्काळ येतो आणि जातो. १९७२चा दुष्काळ पाहिलेली माणसं मिलो ज्वारी, सुकडी, खडी फोडायची कामं अजून सांगतात. गावंच्या गावं जगायला बाहेर पडली. पाऊस झाल्यावर बरीचशी परतली आणि त्याच वावरात बाजरी पेरली. शुष्कीकरणात, म्हणजे प्रदेशच कोरडा होत जाण्यात, सरासरी पाऊसच उतरत जातो, तोही शतकानुशतकं. एका जन्मात ते कळत नाही. (‘पूर्वीसारखा पाऊस राहिला नाही’ हे प्रत्येक आजोबा म्हणतातच, तो पुरावा धरता येत नाही.)

दोन-तीन वर्षांचा दुष्काळ उत्खननात सहसा हाती लागत नाही, शुष्कीकरण लागतं. शिरूर तालुक्यातल्या इनामगावचंच बघा. आपली माणगंगा भीमेला मिळते, तशीच तिथली घोड नदीही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८पासून तिथे बरीच वर्षं खोदकाम केलं. इ.स.पू. १४०० ते १०००च्या थरांत ऐसपैस चौकोनी घरं, शेती, पुराचं पाणी वळवणारा पाट आणि बांध सापडला. त्यानंतरच्या थरांत घरं आक्रसून लहान गोल झोपड्या झाल्या, शेती घटली, शेळ्या-मेंढ्या आणि शिकार वाढली. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी याचं कारण वाढत्या कोरडेपणात शोधलं. मला यात सगळ्यात बोलकी वाटते ती मेंढरांकडे वळलेली माणसं. माणदेशात ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पण माणचं स्वतःचं कोरडेपण या दोन्हींत बसत नाही. ती पर्जन्यछाया. सह्याद्री ढग रिकामे करतो. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच जिल्ह्यात आमच्या माणमधल्या दहिवडीला पाचशेच्या आसपास.

आता हडप्पा. मेघालयातल्या माव्हम्लू गुहेत पाणी ठिबकून साचलेल्या चुन्याच्या थरांत ऑक्सिजनच्या जड-हलक्या अणूंचं प्रमाण मोजून (पाऊस कमी-जास्त झाला की ते बदलतं) सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस क्षीण झाल्याचं दिसलं. २०१८मध्ये त्यावरूनच तेव्हापासून आजपर्यंतच्या भूशास्त्रीय कालखंडाला ‘मेघालयन’ नाव मिळालं. शहरं मात्र एका फटक्यात पडली नाहीत. इ.स.पू. १९००च्या सुमारास ती विरत गेली, आणि लोक पूर्वेकडे व गुजरातेत लहान वस्त्या करून राहिले. त्याच सुमारास मेसोपोटेमियाशी चालणारा व्यापारही आटला होता. शेतकऱ्याला पाऊस गेलेला लागला असेल, पण शहरातल्या मणी घडवणाऱ्या कारागिराला गिऱ्हाईक गेलेलंच जास्त लागलं असणार, असं मला वाटतं.